‘वाताचं आहे’ म्हणून सोडून दिलेली दुखणी

२००६ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मालेगावात एका तापाने घरेच्या घरे अंथरुणाला खिळवली. ताप काही दिवसांत उतरत असे, पण मनगटे, घोटे आणि बोटांची पेरे अशी आखडत की पाण्याचा तांब्या उचलणेही अवघड व्हावे. त्या दोन महिन्यांत एकट्या मालेगाव शहरात दोन हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. आजाराचे नाव चिकनगुनिया. हे नाव आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांच्या भाषेतले आहे. माणसाला वाकवून टाकणारा, असा त्याचा अर्थ. आजच्या टांझानियात १९५२-५३ मध्ये आलेल्या साथीत हा आजार पहिल्यांदा वेगळा ओळखला गेला.

महाराष्ट्रात त्याची याआधीची गाजलेली साथ १९७३ सालची, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षे देशात तो जवळजवळ दिसलाच नव्हता. म्हणजे २००६ मध्ये चाळिशीच्या आतल्या बहुतेक डॉक्टरांनी चिकनगुनिया फक्त पुस्तकात वाचलेला होता. त्या वर्षी देशभरातल्या संशयित रुग्णांचा आकडा १४ लाखांच्या घरात गेला.

साथ ओसरली, पण एक वाक्य मागे ठेवून गेली. मालेगाव असो, मनमाड असो की जुन्या नाशकातला कथडा-जोगवाडा, चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना दुखण्याबद्दल विचारा. “चिकनगुनिया झाला तेव्हापासून असंच आहे,” हे उत्तर हमखास येते. ज्यांना ती साथ लागलीच नाही त्या म्हणतात, “वाताचं आहे.” त्याहून तरुण असतील त्या म्हणतात, “कॅल्शियम कमी आहे.” ही तिन्ही उत्तरे कधी कधी खरी असतात. पण बहुतेक वेळा कोणी तपासून ती दिलेली नसतात. शेजारणीने सांगितलेले, औषधाच्या दुकानदाराने दुजोरा दिलेले आणि मग डॉक्टरांनीही गर्दीत मान्य केलेले ते नाव असते. या चुकीच्या नावाखाली खरा आजार पाच-पाच, दहा-दहा वर्षे लपून राहतो, आणि त्यातले काही आजार असे आहेत की वेळेवर ओळखले तर पूर्ण बरे होतात.

आधी चिकनगुनियाचेच पाहू. त्याचे सांधेदुखणे रेंगाळते हे खरे आहे. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. काहींचे दुखणे मात्र वर्षभर किंवा त्याहूनही जास्त चालते, आणि त्यात स्त्रिया व चाळिशीपुढची माणसे अधिक असतात. अडचण अशी की हे दुखणे आमवाताची, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची, हुबेहूब नक्कल करते. दोन्ही हातांची लहान पेरे सुजतात, सकाळी मुठी वळत नाहीत. म्हणून चूक दोन्ही बाजूंनी होते. एखादीला खरे तर आमवात सुरू झालेला असतो आणि घरचे म्हणत राहतात, चिकनगुनियाचे आहे, जाईल हळूहळू. आमवातात औषध सुरू करण्याचा सर्वांत मोलाचा काळ म्हणजे पहिले काही महिने. तो निघून गेला की बोटे वाकडी होतात, आणि वाकडे झालेले पेर गोळीने सरळ होत नाही. उलट बाजूने, एखादीला विषाणूचेच दुखणे असते, ते वर्षभरात आपोआप गेले असते. पण एका रक्ततपासणीवरून तिला आमवाताची कडक औषधे आयुष्यभरासाठी लावली जातात.

या औषधांतल्या मेथोट्रेक्सेटविषयी थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. आमवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कमी होतात, जीवावर बेतू शकते. घरात कुणाला ही गोळी असेल तर चिठ्ठीवर वाराचे नाव लिहून घ्या. गरोदरपणात ती चालत नाही, त्यामुळे मूल हवे असलेल्या सुनेने डॉक्टरांना हे आधी सांगायला हवे. सासरच्यांसमोर बोलायला संकोच वाटत असेल तर एकटीने जाऊन सांगावे.

आमवात फार जणांना होत नाही. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी १८ टक्क्यांहून किंचित जास्त लोकांना हाडा-सांध्यांचे दुखणे होते, म्हणजे दर पाच-सहा माणसांमागे एकाला. पण खरा आमवात होता तो दोनशे माणसांत एखाद्याला. बाकीच्यांचे दुखणे गुडघ्यांची झीज, स्नायूंचे व शिरांचे ताण, आणि कुठल्याच चौकटीत न बसणाऱ्या तक्रारी असे होते. ‘वात’ हा एकच शब्द या सगळ्यांना लावला की दोनशेतल्या त्या एकीची निवड होत नाही आणि उरलेल्या सगळ्या विनाकारण घाबरतात.

ही निवड करायला रक्ताची तपासणी आहे की, असे कुणी म्हणेल. तिथेच तर घोळ होतो. प्रयोगशाळांतून ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ नावाचा एक गठ्ठा मिळतो. त्यात आरए फॅक्टर असतो, एएसओ असते, युरिक ॲसिड असते. आरए फॅक्टर अगदी निरोगी माणसांतही काही जणांत पॉझिटिव्ह येतो, म्हातारपणी येतो, क्षयरोगात आणि काविळीच्या काही प्रकारांत येतो. आणि आमवात असलेल्या दर चार-पाच रुग्णांत एकाचा तो निगेटिव्हच असतो. अँटी-सीसीपी नावाची तपासणी त्याहून नेमकी आहे, पण तीही हात तपासून पाहण्याची जागा घेत नाही. एएसओ वाढले याचा अर्थ घशाला एका विशिष्ट जंतूचा संसर्ग होऊन गेला, इतकाच. तरी त्या एका आकड्यावरून चाळीस वर्षांच्या बाईला ‘हृदयावर जाणारा वात’ सांगून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे दुखरे इंजेक्शन देण्याचे प्रकार होतात. युरिक ॲसिडचे तर विचारूच नका. ते थोडे वाढलेले दिसले की घरातून डाळ, पालक, टोमॅटो, मटण सगळे हद्दपार. वास्तविक युरिक ॲसिडचा गाऊट पाळी चालू असलेल्या बायकांत क्वचितच होतो, आणि होतो तेव्हा पायाचा अंगठा एका रात्रीत लालभडक सुजतो. वर्षभर अंग ठणकत नाही. अशक्त बाईच्या ताटातली डाळ काढून घेऊन तिचे दुखणे बरे करायला निघणे हा शुद्ध अन्याय आहे.

आता ज्या आजाराची चर्चा आपल्या घरांत सर्वांत जास्त व्हायला हवी, त्याकडे येऊ. हाडे मऊ पडणे. डॉक्टर त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात तो आजार वेगळा. तो मोडेपर्यंत दुखत नाही. हा दुखतो, आणि तरुणपणीही होतो. ड जीवनसत्त्व फार काळ फार कमी राहिले की हाडात कॅल्शियम बसत नाही. मग कंबर, खुबे, मांड्या, बरगड्या आणि नडगीचे हाड दुखू लागते. नडगीवर अंगठ्याने दाबले की कळ येते. स्नायूही कमजोर होतात. जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात रोवून उठावे लागते, जिना चढताना कठड्याला धरून ओढून घ्यावे लागते, चाल बदकासारखी डुलते. सांधे मात्र सुजत नाहीत. एक्स-रेत सहज नजरेत भरेल असे काही दिसत नाही. त्यामुळे अशा बाईला कोणी सायटिका सांगते, कोणी संधिवात, कोणी ‘टेन्शन’, आणि घरात कुणी तरी म्हणतेच की कामाचा कंटाळा आहे.

आपल्याकडे हा आजार का होतो, याची कारणे घरात बसूनच मोजता येतात. जुन्या नाशकातल्या गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना चिकटलेली, खिडकीतून ऊन येते ते तासभर. वडाळा किंवा पखाल रोडकडच्या नव्या इमारतींत उजेड भरपूर, पण तो काचेतून येतो. आणि त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. बाहेर पडताना अंग झाकलेले. लागोपाठ बाळंतपणे आणि बाळाला पाजणे यात शरीरातले कॅल्शियम खर्ची पडते. दूध घरात येते ते चहापुरते आणि मुलांपुरते. यात एकट्या बुरख्याला दोष देणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. दिवसभर ऑफिसात बसणाऱ्या, बुरखा न घेणाऱ्या स्त्री-पुरुषांतही ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या देशात सर्रास आढळते. पण पडद्यात राहणाऱ्या बाईने आपल्या वाट्याचे ऊन वेगळे काढून ठेवायला हवे, हेही तितकेच खरे.

ब्रिटनमध्ये हा धडा फार आधी शिकला गेला. १९६२ साली ग्लासगो शहरातल्या डॉ. डनिगन आणि सहकाऱ्यांनी तिथे स्थायिक झालेल्या पाकिस्तानी कुटुंबांतल्या मुलांचा मुडदूस आणि मोठ्यांची मऊ पडलेली हाडे यांवर लेख लिहिला. हा आजार त्यांच्या देशातून जवळपास गेला असे डॉक्टर समजून चालले होते, म्हणून तो त्यांच्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नव्हता. पुढे १९८१ मध्ये तिथल्या सरकारला आशियाई कुटुंबांसाठी मुडदूस हटवण्याची मोहीम घ्यावी लागली.

आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसला आहे, तो म्हणजे सकाळचे कोवळे ऊन. फजरनंतर गच्चीवर फिरणे छानच, पण त्या तिरप्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतात. ते मिळतात साधारण अकरा ते तीनच्या दरम्यान. थंडीत आणि पावसाळी उघडिपीत आडोसा असलेल्या गच्चीवर किंवा अंगणात बाह्या वर करून पंधरा-वीस मिनिटे बसणे बहुतेकांना जमण्यासारखे आहे. नाशकाच्या एप्रिलच्या उन्हात अर्थातच बेताने. मात्र हाडे दुखायला लागल्यावर नुसत्या उन्हाने भागत नाही, औषध लागते. आणि फक्त कॅल्शियमच्या गोळ्या वर्षानुवर्षे गिळूनही उपयोग होत नाही, कारण ड जीवनसत्त्वाशिवाय आतडे कॅल्शियम नीट घेतच नाही. कित्येक बायकांची गाडी इथेच अडलेली असते.

निदानासाठी फार महाग तपासण्या लागत नाहीत. रक्तातले कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज या साध्या तपासण्या बरेच सांगून जातात. ड जीवनसत्त्वाची तपासणी त्याहून महाग, ती डॉक्टर गरजेप्रमाणे सांगतील. उपचार सुरू झाला की काही आठवड्यांत उठणे-बसणे सुधारू लागते, हाडे भरायला काही महिने जातात. दहा वर्षे ‘वातवाली’ म्हणून ओळखली गेलेली बाई हिवाळा संपेपर्यंत विनाआधार जिना चढू लागते, हे या आजारात खरोखर घडते. पण म्हणून मेडिकलमधून साठ हजार युनिटच्या पुड्या आणून मनाने खात सुटू नये. जास्त झालेले ड जीवनसत्त्व रक्तात कॅल्शियम वाढवते. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान लागते आणि मूत्रपिंडाला इजा होते. सहा लाख युनिटची इंजेक्शने दर महिन्याला घेणाऱ्यांवर हीच वेळ येते.

कंबरेचे दुखणे हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तरी तीन गोष्टी सांगून पुढे जातो.

पहिली, एमआरआयमध्ये ‘गादी सरकली’ असे लिहून आले म्हणजे दुखण्याचे कारण सापडलेच असे नाही. ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांच्या मणक्यांत फुगलेली गादी दिसली. केस पांढरे व्हावेत तसेच हे. उलट, तिशीच्या आतल्या मुलाची कंबर पहाटे आखडत असेल, बसून राहिल्यावर वाढत आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर तो मणक्यांच्या सांध्यांचा दाह असू शकतो. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हे त्याचे नाव. ‘स्लिप डिस्क’ समजून त्याला झोपवून ठेवतात, आणि झोपून राहण्यानेच तो बिघडतो. जगभर या आजाराचे निदान व्हायला सरासरी काही वर्षे लागतात.

दुसरी, पाठीत एकाच ठिकाणी ठणका, तो रात्रीही न थांबणारा, सोबत संध्याकाळचा ताप आणि उतरणारे वजन असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची शंका घ्यायलाच हवी. यात खोकला नसतो, म्हणून कुणाच्या मनात येत नाही. उशीर झाला तर पाय लुळे पडतात. क्षयरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

तिसरी, गर्भाशय. “पिशवीमुळे कंबर दुखते” आणि “अंगावरून पांढरं जातं, त्यात हाडं झिजतात” या दोन समजुतींनी बायकांचे किती नुकसान केले आहे याचा हिशेब बीड जिल्ह्यात अंशतः झाला. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. पोटदुखी आणि पांढरे जाणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना पुढे कर्करोग होईल अशी भीती घातली गेली होती. कमी वयात गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले गेले तर हाडे लवकर ठिसूळ होतात, म्हणजे ज्या कंबरेसाठी ऑपरेशन केले तीच पुढे जास्त धोक्यात येते. कर्करोगाची भीती घालून कुणी घाई करत असेल तर तपासणीचा कागद मागा आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

आणि सगळे तपासूनही काहीच सापडले नाही तर? तरीही दुखणे खोटे ठरत नाही. फायब्रोमायल्जिया नावाचा आजार आहे. त्यात सांधे-हाडे शाबूत असतात, पण मेंदू आणि मज्जासंस्था वेदनेचा आवाज मोठा करून ऐकवतात. अंगभर दुखते, झोपून उठले तरी थकवा जात नाही, विसरायला होते. स्त्रियांत तो जास्त दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, तीन महिन्यांहून जास्त चालणाऱ्या वेदनेला स्वतःचे स्थान मिळाले आहे. त्यामुळे “रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही,” हे वाक्य आता वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही अपुरे आहे. या आजारावर इंजेक्शने आणि वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत; नियमित व्यायाम, झोप सुधारणे आणि काही वेगळ्या प्रकारची औषधे उपयोगी पडतात. नजर लागली म्हणून आधी तिकडे आणि मग इकडे फिरण्यात वर्षे घालवण्यापेक्षा हे नाव वेळेवर कळलेले बरे.

आता डॉक्टरसमोर काय बोलायचे. बहुतेक भगिनी दवाखान्यात दोनच शब्द बोलतात, “बदन दुखता है.” ओपीडीत डॉक्टरांकडे दोन-तीन मिनिटे असतात, त्या दोन शब्दांवर ते एक वेदनाशामक आणि एक कॅल्शियम लिहून देतात. हजार वर्षांपूर्वी इब्ने सीनाने आपल्या ‘अल-कानून’ या वैद्यकग्रंथात वेदनेचे पंधरा प्रकार वेगळे केले होते: टोचणारी, ताणणारी, दाबणारी, ठणकणारी, जड वाटणारी, बधिर करणारी, खाजवणारी आणि असे आणखी. वेदना कशी आहे यावरून ती कुठून आली हे शोधता येते, असा त्यामागचा विचार. आपल्या बोलीत शब्दांची वाण नाही. ठणका, कळ, चमक, टीस, ओढ, आग, मुंग्या, जडपणा, शिणवटा, ठुसठुस. यातला प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळी दिशा दाखवतो. आग आणि मुंग्या म्हणालात तर तो शिरांकडे आणि साखरेकडे पाहील. ठणका आणि सूज म्हणालात तर सांध्यांकडे. ओढ आणि जडपणा म्हणालात तर स्नायूंकडे.

वेळ सांगायला आपल्याकडे घड्याळापेक्षा चांगली सोय आहे. पाच वेळची नमाज. फजरच्या वजूला बोटे वळत नाहीत, नळ फिरवता येत नाही, आणि चाश्तच्या वेळेपर्यंत हात मोकळे होतात, हे दाहाच्या सांधेदुखीचे लक्षण आहे. फजरला बरे असते, पण दिवसभर उभे राहून, चपात्या लाटून इशापर्यंत गुडघा भरून येतो, ही झीज. सजद्यातून उठताना गुडघा कटकन वाजतो पण उठता येते, हे वेगळे. आणि दुखत फारसे नसूनही हाताने रेटा दिल्याशिवाय उठताच येत नाही, हे वेगळे. दुसऱ्यात स्नायूंची कमजोरी आहे, तिथे हाडे मऊ पडल्याची शंका घ्यावी. मशिदीत रांगेच्या कडेला खुर्च्या वाढत चालल्या आहेत, घरातही तरुण बायका खुर्चीवर नमाज पढताना दिसतात. आजाऱ्याला बसून नमाजची सवलत आहेच. पण वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ती सवलत का लागली, हे डॉक्टरला विचारायला हवे की नाही? आठवडाभर वहीत रोज दोन ओळी लिहा: कुठल्या नमाजेला काय जमले नाही. ते पान पाहून डॉक्टरला जे कळेल ते अर्ध्या तासाच्या बोलण्यातूनही कळणार नाही.

बोलायचे तर तिनेच बोलायचे. नवरा किंवा सासूबाई सोबत असाव्यात, पण पुष्कळदा तेच उत्तरे देतात, “इनको हमेशा का ही है, डॉक्टरसाहेब.” दुखणे जिचे तिला विचारा, हे डॉक्टरांनीही म्हणायला हवे.

आता एका धोक्याविषयी. आठवडी बाजारात, जत्रेत, कधी ओळखीच्या ओळखीतून विनानावाच्या पुड्या आणि काळ्या-तांबड्या गोळ्या मिळतात. “जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही.” दोन दिवसांत चमत्कार झाल्यासारखे अंग हलके होते. असा चमत्कार करणारी वस्तू बहुधा एकच असते, स्टेरॉइड. डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन दळून मिसळलेले असते. काही दवाखान्यांतली ‘ताकदीची’ इंजेक्शनेही याच जातीची. दाह दबतो, त्यामुळे खरा आजार ओळखणे कठीण होते. चेहरा गोल होतो, साखर वाढते, कातडी पातळ होते, आणि हाडे पोखरली जातात. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. योग्य आजारात, मोजून दिले तर ते सांधे आणि जीव वाचवते. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर मात्र ती एका दिवसात बंद करू नका. शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते, अचानक तोडल्यास चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणे असे गंभीर परिणाम होतात. पुडी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा आणि लाज न बाळगता दाखवा.

रमजानात आणखी एक. सहरीला उपाशीपोटी वेदनाशामक गोळी घेऊन दिवसभर पाण्याविना राहणे पोटाला आणि मूत्रपिंडांना, विशेषतः मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांच्या, महागात पडते. औषधांच्या वेळा रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.

जायचे कुठे? सूज असलेल्या सांध्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांपेक्षा संधिवाततज्ज्ञ किंवा अनुभवी फिजिशियन अधिक योग्य. असे तज्ज्ञ थोडे आहेत आणि मोठ्या शहरांतच आहेत, पण पहिली छाननी जवळच होऊ शकते. नाशिकचे जिल्हा रुग्णालय, मालेगावचे सामान्य रुग्णालय किंवा आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, यांच्या मेडिसिन विभागात जुने दुखणे दाखवता येते. तिथे तीन प्रश्न विचारा: हे कुठल्या आजाराचे आहे, कशावरून म्हणता, आणि दुसरे काही असू शकते का. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

जाताना कागद न्या. आपल्याकडे घर बदलताना, रंगकाम करताना पहिली रद्दीत जाते ती दवाखान्याची फाइल. दहा वर्षांपूर्वीचा हाताचा एक्स-रे आणि आजचा एक्स-रे शेजारी ठेवले तर सांधा झिजला की जसाच्या तसा आहे, हे त्याच मिनिटाला दिसते. चिकनगुनिया झाला होता म्हणत असाल तर तेव्हाचा रिपोर्ट होता का, की नुसताच ताप होता, हे घरातल्यांना विचारून ठेवा. आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे एका पिशवीत घाला. इंजेक्शन घेतले असेल तर त्याचे नाव देणाऱ्याकडून चिठ्ठीवर लिहून मागा.